कळ येईपर्यंत

कन्नड तालुक्यातल्या गावची विहीर सलग दुसऱ्या वर्षी तळाला गेली आणि गोकुळनं आईला औरंगाबादला आणलं. शहराच्या कडेची नवी वसाहत, तिसरा मजला. उभा जन्म रानात राबलेल्या चतुराबाईला सदुसष्टाव्या वर्षी नुसतं बसायचं काम लागलं. तिनं झाडू उचलला की सून तनुजा तो काढून घ्यायची. "आत्या, लई केलंत आजवर. बसा आता."

वर्षभरात अशी गत झाली की भाजीला निघालं की विजेच्या तिसऱ्या खांबापाशी डावी पोटरी आवळून यायची. थांबलं की कळ जायची, चाललं की पुन्हा यायची. तिनं कुणाला सांगितलं नाही. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. तिचा थोरला भाऊ कारभारी असाच बांधावर थांबत थांबत चालायचा. पुढं त्यानं चालणंच सोडलं, आणि चौथ्या वर्षी पाय मांडीपासून काढावा लागला.

तनुजानं एकदा तिला खांब धरून उभी पाहिली. दुसऱ्या दिवशी गोकुळ तिला उस्मानपुऱ्यात डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी दंडाला आणि घोट्यांना पट्टा बांधून दाब मोजला. उजव्या पायात कमी भरला, डाव्यात फारच कमी.

"पायाला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळ्या आतून बुजत चालल्यात, मावशी. तंबाखूची मिश्री आजपासून बंद, गोळ्या रोज. आणि कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं. पायाला रक्त कमी पडलं की बारीक नळ्या फांद्यांसारख्या नव्यानं फुटतात, जुन्या रुंदावतात."

"ह्या वयात व्हय?"

"सावकाश, पण ह्या वयातही. मात्र बसल्या जागी दुखलं, बोटाचा रंग बदलला, तर चालणं बंद. थेट इकडं यायचं."

घरी आल्यावर गोकुळ म्हणाला, "दुखत असताना चालायचं म्हंजी काय? माय, तू पाय जपून वापर."

"दादाचा पाय मीच धुवायची. जपून जपूनच गेला तो."

ती रोज निघू लागली. संक्रांतीला सातवा खांब गाठला, शिमग्याला दहावा. तिथं रस्ता संपायचा आणि आखलेले प्लॉट सुरू व्हायचे. बोअरचं यंत्र दिवसभर घरघरायचं, वर नुसता पांढरा फुफाटा यायचा. चतुराबाई नाकाला पदर लावून कळ ओसरायची वाट बघत उभी राहायची.

उजवा पाय हलका झाला. डावा मात्र गार पडू लागला. निजल्यावर तो ठणकायचा, पलंगाखाली लोंबता सोडला की बरं वाटायचं. हे सांगितलं तर चालणं बंद होईल, म्हणून ती गप्प राहिली. टँकर चार दिवसांआड झाला होता. पाय धुणं अर्ध्या तांब्यावर आलेलं. आठ दिवसांनी तनुजाच्या नजरेला त्या पायाची करंगळी पडली. जांभळासारखी झाली होती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पाय हातात घेऊन त्यांनी घोट्याशी नाडी शोधली आणि त्याच दिवशी तिला दवाखान्यात दाखल करून घेतलं. मोठी नळी पुरती बुजली होती. ती आतून फुगा घालून उघडली. दोन बोटं गेली, पाऊल राहिलं.

"मंग चाललेलं सगळं वाया गेलं का?" चतुराबाईनं विचारलं.

"नाही. उजव्याचं दुखणं त्यानंच कमी झालं. डाव्यातल्या बारीक नळ्यांनीही जमेल तेवढं तगवलं असेल. पण मोठीच बंद पडल्यावर त्या किती पुरणार? आठ दिवस का लपवलंत?"

चतुराबाईनं पदर पट्टी बांधलेल्या पावलावर ओढून घेतला.

जखम भरायला आषाढ उजाडला. चालायची परवानगी मिळाली त्या सकाळी गोकुळ बरोबर निघाला. पाचव्या खांबाशी तिनं त्याचा दंड धरला.

"डावा का?"

"नाय. उजवा दुखतोय. काल घरात बसल्या जागीबी दुखला."

"मंग थेट डॉक्टरीणबाईंकडं," म्हणत गोकुळनं तिला खांबाला टेकवलं. रिक्षा दिसेपर्यंत दोघं तिथंच उभी राहिली.