समाधीवरचा डबा

निलंग्याच्या आडत बाजारात माझं नाव काढलं की लोक आधी हसतात, मग चहा सांगतात. रामलिंगअप्पा आला म्हणजे थाप आली. आमच्या विहिरीतला मासा शेंगा खायला बांधावर यायचा, ही गोष्ट मी अशी सांगायचो की ऐकणारा टरफलं शोधायला निघायचा. पण माझ्या जिभेला एक लगाम होता. शिवगंगा, माझी बायको. गारा नारळाएवढ्या पडल्या असं मी म्हणलो, की आतून आवाज यायचा, "बोराएवढ्या होत्या. अन् तुमी तवा गावातच नव्हता." लोकांना थापेपेक्षा तिचं हे कापणंच जास्त आवडायचं. खरं सांगायचं तर मलाही.

मग तिच्या काळजाची चाल मंदावली. लातूरच्या डॉक्टरनं डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी मशीन बसवली. काळीज ठोका चुकलं की मशीन त्याला ढोसायची. सोबत एक पांढरा डबा दिला, उशाशी ठेवायला. मशीनला अन् डब्याला जोडणारी वायर नाही, काही नाही. दोघं हवेतूनच बोलायचे, अन् डबा तिची खबर मोबाईलसारखी लातूरला धाडायचा. खबर मिळाली की हिरवा दिवा. मशीन सापडली नाही की पिवळा.

"बघा," शिवगंगा म्हणायची, "जन्म गेला तरी तुमाला माज्या काळजातलं कळलं न्हाई. ह्या डब्याला एका रात्रीत कळलं."

लातूरच्या दवाखान्यात बुद्धप्रिया नावाची पोरगी ह्या खबरा बघायची. डबा गप्प राहिला की तिचा फोन ठरलेला. "आजोबा, पिन निघालीय का बघा बरं."

मागच्या फाल्गुनात शिवगंगा न्यूमोनियानं गेली. मशीनचा दोष नाही, ती शेवटपर्यंत ढोसत होती. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, समाधीला बसवतात. ज्यांच्यात जाळतात त्यांना मशीन आधी काढून घ्यावी लागते, नाहीतर आगीत फुटते म्हणे. आम्हाला कोण विचारणार? मळ्यात, मोटरीच्या खोलीजवळ, हातात इष्टलिंग देऊन तिला बसवलं. पंगत उठली तसा पोरगा शिवम हैदराबादला परतला.

घरात उरलो मी अन् तो पिवळा दिवा. मला कळलं होतं ती गेली, डब्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो आपला शोधतच होता. पिन काढायला हात जाईना. एकदा बुद्धप्रियाचा फोन आला.

"आजोबा, मशीन सापडून न्हाई राहिली. आजी गावाला गेल्यात का?"

"हाव. गेलीय."

"मग डबा सोबत न्यायचा असतो ना! घरी ठेवून काय उपयोग?"

तेवढंच डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेतीची लाईट आली तसा डबा पिशवीत घालून मळ्यात गेलो. मोटर चालू केली, तिथूनच एक वायर ओढली, डबा समाधीच्या मातीवर ठेवला अन् बटण दाबलं. शेजारच्या मळ्यातला शेषेराव धुऱ्यावरून बघत होता.

"काय अप्पा, पाणी बघून राहिलात का?"

"न्हाई रे. शिवगंगेची खुशाली विचारून राहिलो."

"मग आमचाबी नमस्कार कळवा काकूंना!" असं म्हणून तो गेला हसत. थापाड्यानं खरं बोललं तरी कुणी थांबत नाही.

पिवळा दिवा लुकलुकत राहिला. माझ्या डोक्यावरची झाडाची सावली सरकून पायाशी गेली. आता पुढचं ऐका. कापायला ती नाही, म्हणून मीच कापून सांगतो: दिवा एकदाच हिरवा झाला, अन् तोही मिणमिणता. पण झाला. बसलेल्या माणसाची छाती मातीपासून लई खोल नसते.

"शिवगंगे," म्हणलो, "आगं, हायस का?"

अन् खिशातला फोन वाजला. असा दचकलो की पहिल्यांदा मातीकडंच बघितलं.

"आजोबा, आल्या का आजी?" बुद्धप्रिया घाईत होती. "खबर आली, पण बराबर न्हाई. मशीन ठोके देऊन राहिलीय, काळजाकडून उत्तरच न्हाई. मशीनपासून काळजात गेलेली तार सरकली असंल. आजी हिंडतात-फिरतात का?"

"न्हाई. बसूनच असती."

"जेवतात?"

"सोडलंय."

"बोलतात तरी?"

"पहिल्यापासून मापातच."

"आजोबा, ही चेष्टा न्हाई! मी आत्ता गाडी धाडते. तुमी त्यांना एकटं सोडू नका."

पलीकडं ती कुणाला तरी ड्रायव्हरला हाक मारायला सांगत होती. थाप माझ्या तोंडात तयार होती. 'गाडी नको, उद्या मीच आणतो' एवढं म्हणलं असतं तर शिवगंगेचं नाव लातुरात राहिलं असतं, डबा राहिला असता. उद्या दुपारी परत हिरवा दिवा. परवा आणखी एक थाप. मला काय तोटा होता? पण पोरीचा आवाज कापत होता. अन् आतून कुणी बोललं नाही. मी वाट बघितली, खरंच बघितली.

"बाई, गाडी थांबव," म्हणलो. "ती फाल्गुनातच गेली. डबा समाधीवर ठेवलाय मी."

"खरं सांगून राहिलात?"

"हाव."

"आजोबा…" मग ती हळू बोलायला लागली. "मला नाव बंद करावं लागंल. डबाबी परत मागवतील."

"उद्या कर की."

"आजच करावं लागतंय. अशी खबर आली की इथं सगळे धावतात. तेवढ्यात दुसऱ्या कुणाचं राहून जायचं."

ते मला पटलं. न पटून करतो काय.

"अन् आतली मशीन?"

"ती इथून बंद होत न्हाई. बॅटरी हाय तवर चालंल. वर्षं निघतील."

"मग डब्यातून तिला माजं काही सांगता येतं का?"

"न्हाई आजोबा. डबा तिकडची खबर घेतो. इकडचं बोलणं तिकडं जात न्हाई."

जन्मभर मी बोललो, तिनं ऐकलं. आता सगळं उलटं झालं होतं.

"मिनिटाला किती ठोके देती?"

"साठ. घड्याळाच्या सेकंदाला एक." मग ती म्हणाली, "फोन चालू ठेवू का जरा वेळ?"

"ठेव."

मग तिला कुणी तरी हाक मारली अन् फोन बंद झाला. डब्याचा दिवा परत पिवळा. मी वायर काढली.

मनगटावरचं घड्याळ समोर धरलं अन् दुसऱ्या हाताची बोटं नाडीवर ठेवली. माझी नाडी सेकंदकाट्याच्या, म्हणजे तिच्या ठोक्यांच्या, पुढं पळत होती. बाजारला जातानाही असंच व्हायचं. मी पुढं, ती मागं. "आवो, हळू चला की," म्हणून ती ओरडायची अन् मी कधी थांबलो नाही.

लाईट गेली. मोटर बंद पडली. पाटातलं पाणी वाहायचं तेवढं वाहिलं अन् मळ्यात काहीच आवाज उरला नाही. नाडी अजून घाईतच होती. मी मातीला टेकून बसून राहिलो, मागून येऊन शिवगंगा मला गाठेपर्यंत.