साडीसकट उडी

दीपेशने चाळिशी गाठली तेव्हा पूजाने, त्याच्या बायकोने, त्याला विमानातून उडी मारायचं तिकीट भेट दिलं. पुढच्या महिन्यात रेडीजवळच्या सड्यावर, मोकळ्या कातळी माळावर, एक कंपनी येणार होती. दहा हजार फुटांवरून उडी, पाठीशी बांधलेला एक शिकलेला माणूस, आणि पॅराशूट उघडायची काळजी त्याची.

दीपेश कणकवलीच्या कचेरीत भल्याभल्यांना नियम दाखवायचा. पण आरोंद्याच्या घरी माळ्यावर चढायचं म्हटलं तरी तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून परत उतरे. बायकोला तसं सांगणार कसं? म्हणून त्याने तिकिटामागचे नियम वाचले आणि पाचव्या नियमापाशी त्याचा जीव भांड्यात पडला. नव्वद किलोच्या वर वजन असल्यास उडी नाही.

दीपेशचं वजन होतं सत्त्याऐंशी.

तो खात सुटला. सकाळी सात घावणे, दुपारी बांगड्याचं सार आणि ताटात मावेना एवढा भात, चहाबरोबर खाजं. त्याची आई सुगंधा हरखून गेली. "झिलाच्या अंगाक आता खंय अन्न लागता," असं ती वाडीभर सांगत फिरली.

ठरल्या दिवशी तिघं सड्यावर पोचली. काटा नव्वदच्या पुढे गेला आणि सहाशे ग्रॅमवर थांबला.

"सॉरी सर, नाही जमणार," पाठीशी बांधून उडी मारणारा गुरुप्रसाद म्हणाला. हा पुण्याचा, दोरीसारखा सडपातळ पोरगेला माणूस. दीपेशने तोंड एवढं पाडलं की पूजाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मगे माका बांध," आई म्हणाली.

"आई! सहासष्ट वर्षांची तू. होडीत बसाक भियतंस!"

"पाण्याक भियतंय. वाऱ्याक कित्याक भियांव?"

कंपनीच्या डॉक्टरने तिचा रक्तदाब तपासला. तरण्या मुलीसारखा निघाला. मग शेजारी उभ्या दीपेशकडे बघून त्याने त्याचाही तपासला आणि त्याला सावलीत बसवून पाणी दिलं. आई साडी सोडायला कबूल होईना, तेव्हा केशरी सूट साडीवरूनच चढवला. सहा वार आत कोंबल्यावर ती भाताच्या पोत्यासारखी दिसायला लागली. तशीच ठुमकत ती विमानात चढली आणि मागे वळून म्हणाली, "पूजा बाय, माझी चपलां सांभाळ गो."

विमान माशीएवढं झालं. दीपेश मान वर करून बघत राहिला. आपल्या जागी आपली आई आभाळात गेली, आणि कशामुळे? घावण्यांमुळे! त्याला राहवलं नाही.

"पूजा, मी मुद्दाम खाल्लंय. महिनाभर. वजन वाढूक."

"माका म्हायत आसा. शर्टाची बटणां कोण सरकवी होता?"

तेवढ्यात आभाळात एक ठिपका सुटला. दीपेशने डोळे मिटले, पूजाने चिमटा काढून ते उघडायला लावले. लाल पॅराशूट फुललं आणि वरून बारीक किंचाळी ऐकू आली. ती गुरुप्रसादची होती, हे मागाहून कळलं. हवेत आईने त्याला गुदगुल्या होतील अशा जागी धरलं होतं.

मग वारा फिरला. पॅराशूट मैदान सोडून काजूच्या बागांवरून पलीकडच्या वाडीकडे सरकलं आणि झाडांआड गेलं. दीपेशने स्कूटरला किक मारली. वाटेत त्याने तीन देवांना नारळ बोलले आणि दोन कोंबड्यांना थोडक्यात वाचवलं.

वाडीच्या देवळासमोर महाप्रसादाची पंगत बसली होती. मांडवावर लाल कापड पसरलेलं, आणि पंगतीत मधोमध केशरी सूट घातलेली आई भाज्यांचं खतखतं भातात कालवून खात होती. शेजारी मांडी घालून गुरुप्रसाद. वाढणारा माणूस त्याला हात जोडून आग्रह करत होता.

"काकू, मला हे अजून घ्यावं लागेल का?" गुरुप्रसाद केविलवाणं विचारत होता.

"खा मेल्या. बरगड्यो मोजूक येतत तुझ्यो. मगाशी वर सगळ्यो लागलेत माका."

दीपेश धावत जाऊन तिच्यापुढे बसला. हात, पाय, डोकं, सगळं जागेवर होतं. त्याला रडू फुटलं.

"रडतंस कित्याक?" आई म्हणाली. "पाय धुवन पानार बस. आणि उद्या घराच्या छपरार चढ. मागल्या पडवेची दोन कौलां सरकलीहत. वरसून बघितलंय मी."

"आई, दहा हजार फुटांसून कौलां दिसतत?"

"माका दिसली."

दुसऱ्या दिवशी शिडी लागली. खाली आई शिडी धरून उभी. दीपेश एकेक पायरी देवाचं नाव घेत चढला, छपरावर पालथा पडला आणि श्वास जागेवर येईपर्यंत तसाच राहिला. मग मान वर करून बघतो तर कौलं सगळी जागच्या जागी. पलीकडे माडांची टोकं डोळ्यांच्या पातळीवर हलत होती आणि खाडी पार वळणापर्यंत दिसत होती. हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"गावली काय रे?" खालून आईने विचारलं.

दीपेशने एक कौल उचललं आणि होतं तिथेच परत बसवलं.

"गावली," तो म्हणाला. "वायच येळ लागात."