तांब्याची तबकडी

संगणकाच्या पाठीमागे, इंटरनेटची तार जिथे शिरते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा असतो. तार जोडलेली असली की तो लुकलुकतो. २००४ सालच्या त्या रविवारी अकरा वाजून बारा मिनिटांनी तो विझला. वैजयंतीखेरीज कुणी ते पाहिलं नाही. बाकीचे तीसजण टेबलापुढे उभे राहून, तो संगणक 'बरा' करायला आलेल्या शशिधरचे हात पाहत होते.

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातल्या त्या बौद्ध मंडळाच्या हॉलमध्ये लिंबू-मिरची, गंडा, अंगारा यांना सक्त मज्जाव होता. शशिधरने त्यातलं काहीच आणलं नव्हतं. तो टाय लावून, लॅपटॉप आणि तांब्याची तबकडी घेऊन आला होता.

"कॉम्प्युटर बिघडलेला नाही, स्ट्रेस्ड आहे. तबकडी त्याची निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी खेचून घेते. प्युअर सायन्स, काका."

"सायन्स असेल तर हरकत नाही," अध्यक्ष सुखदेवकाका म्हणाले.

वर्षभर तो संगणक सुरू केला की दोन मिनिटांत पडद्यावर चौकट येई, साठपासून उलटे आकडे मोजी आणि सगळं बंद. बिघाड त्याचा, 'ओके'चं बटण मात्र आपण दाबायचं. आत मंडळातल्या बावीस वृद्धांच्या आठवणी होत्या. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी सांभाळून वैजयंतीने त्या टाइप केल्या होत्या आणि प्रत काढायचं काम दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकललं होतं. असं मध्येच बंद पडून पडून त्यातल्या नऊजणांच्या फाइली आता उघडत नव्हत्या. त्या नऊजणांपैकी चौघं वारले होते.

शशिधरने संगणकाला तबकडी टेकवली. दहा मिनिटं झाली, चौकट आली नाही. टाळ्या वाजल्या. घरच्या कॉम्प्युटरसाठी नाव नोंदवायला रांग लागली.

वैजयंतीने वाकून शशिधरच्या बुटाजवळची सुटी तार उचलली. "ही जोडते. तबकडी राहू दे तिथेच."

दोन मिनिटांत चौकट हजर. साठ, एकोणसाठ.

"ताई, तुमच्या व्हायब्रेशन्समुळे..."

"या सिस्टिमला भोक आहे. तारेतून एक प्रोग्रॅम आत शिरतो आणि तिला पाडतो. तुम्ही पायाने तार ओढलीत, त्याची वाट बंद झाली. तबकडीने काही केलं नाही."

"मग भोक बुजव ना," काका म्हणाले.

"सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीचं ठिगळ आहे. इंटरनेटवरून घ्यायचं."

"घे की."

"त्यासाठी तार जोडावी लागते, काका. जोडली की साठ सेकंद." कुणीतरी हसलं. "मी लॅबमधून सीडीवर आणीन. पुढच्या महिन्यात दुसरं भोक निघेल."

काका विचारात पडले. "मग ठिगळही लाव आणि तबकडीही ठेव. नुकसान काय?"

रांग हलली नाही.

"अंगाऱ्याला आपण कारण विचारतो," वैजयंती म्हणाली. "तबकडीला का नाही? यंत्र कळत नाही म्हणून? कळत नाही तिथेच विचारायचं असतं."

"नेक्स्ट नेम?" शशिधरने पेन उघडलं.

पहिल्या खुर्चीवर लीलावतीबाई बसल्या होत्या. वय शहाऐंशी, आताशा त्यांना मुलाचं नावही कधीमधीच आठवे. "माझं सगळं त्यात आहे ना गं?" त्यांनी विचारलं.

मार्चपासून वैजयंती या प्रश्नाला "हो" म्हणत आली होती.

"नाही, बाई. तुमची फाइल गेली. ह्या यंत्रात मी आता काहीच ठेवणार नाही. उद्या वही घेऊन येते. जेवढं आठवेल तेवढं सांगा."