माईंच्या खोलीतली फरशी

"तुम्ही मराठी का हो?" सत्यभामाबाईंनी दारातून विचारलं.

दत्ताराम गुडघ्यांवर बसून उखडलेल्या जमिनीवरची धूळ झाडत होता. मान वर न करताच म्हणाला, "नहीं माँजी. यूपी से."

खोटं बोलायला कारण होतं. नुकत्याच त्या फोनवर माहेरच्या माणसांशी बोलत होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात आलेलं माहेरचं गाव म्हणजे नेमकं दत्तारामच्या लेकीचं, समिधाचं सासर. सोयरीक जुळवताना त्यानं व्याह्यांना सांगितलं होतं, दुबईत इंजिनियर आहे, ऑफिसात बसून असतो. ढोपरांवर रांगणारा हा इंजिनियर बाईंनी ओळखला असता, तर गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नसता.

व्हिला सत्यभामाबाईंच्या, म्हणजे माईंच्या मुलाचा, शैलेंद्रचा. घरभर एसीचा गारठा आणि पायाखाली संगमरवर. आईचे पाय बधिर पडतात म्हणून तिच्या खोलीपुरती फरशीखाली तापणारी वायर घालायला दत्ताराम आला होता. फरशी बसवणारा खैरुद्दीन हसून म्हणाला होता, "दुबई में जमीन गरम करनी पड़ रही है, हबीबी. खुदा की शान."

मुलगा-सून ऑफिसात, नात ईशानी शाळेतून आली की कानात इअरफोन. दिवसभर माईंशी बोलायला कुणी नसे. मग त्या दारात खुर्ची ओढून बसत आणि दत्तारामशीच मराठीत बोलत.

"आजी, ही डझन्ट अंडरस्टँड यू," ईशानी एकदा जाता जाता म्हणाली.

"म्हणून तर बोलते गो."

आधी नुसत्या गप्पा होत्या. साठवणीचे आंबोशी-कोकम, मेलेल्या नवऱ्याचा तापट स्वभाव, शेजारणीची चहाडी. दत्ताराम "हां माँजी" म्हणे, आणि हसू आलं की तोंड भिंतीकडे करी.

मग एका दुपारी, घरात कुणी नसतानाही, माईंनी आवाज खाली आणला.

"पाय गार पडतात, एवढंच सांगितलंय मुलाला. खरं सांगू तुला? पहाटे उठलं की पायाखाली जमीन आहे की नाही तेच कळत नाही. भिंत धरधरून बाथरूमला जाईस्तोवर वाटेतच होतं माझं. सून उठायच्या आत पुसून घेते, साडी पिळते. या वयात कुणाला सांगायचं हे?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "तुला कळत नाही तेच बरंय, बाबा."

दत्तारामचे हात थबकले. कुणाच्या तरी बंद घरात चोरासारखं शिरून बसल्यागत त्याला वाटलं. 'माई, मी मराठी आहे,' हे शब्द जिभेवर आले, पण समिधाच्या सासऱ्यांचा चेहरा आडवा आला. तो खाली मान घालून चिकटलेल्या टेपवरच पुन्हा टेप दाबत राहिला.

दुसऱ्या दिवशी वायरची जाळी खोलीभर अंथरून झाली होती. माई स्वतः चहा घेऊन सरळ आत आल्या. पायाचं बोट जाळीत अडकलं, आणि बधिर पायाला ते कळलंही नाही.

"माई, थांबा! पाय अडकलाय, पडाल!"

त्या जागीच थांबल्या. चहा बशीत हिंदकळला. दत्तारामनं धावत जाऊन बोट सोडवलं. वर बघायची त्याची छाती झाली नाही.

"कुठचे तुम्ही?" माईंनी विचारलं.

"दापोलीकडचा."

"म्हणजे कळत होतं सगळं."

"माई, मी कुणाला..."

त्यांनी हातानंच त्याला थांबवलं. न्हाताना कुणी दार उघडावं तसा घाईघाईनं पदर अंगाभोवती ओढून घेतला, आणि भिंत धरून निघून गेल्या.

त्यानंतर दारात खुर्ची आली नाही. चहा यायचा, पण मोलकरणीच्या हातून. आपलं खोटं कुणी पकडलं याची लाज दत्तारामला वाटलीच नाही. म्हाताऱ्या बाईला आपल्यामुळे तिच्याच घरात तोंड लपवावं लागतंय, हे मात्र त्याला रोज खाई.

फरशी पक्की झाल्यावर तो वायर चालू करायला एकटाच आला. बटण फिरवून तळहात जमिनीला टेकवून बसला. ऊब सावकाश वर आली. माई बाहेर, लोकरी मोजे घालून उभ्या होत्या.

"माई, झालं. पाय ठेवून बघा."

त्या हलल्या नाहीत. मग भिंतीकडे बघत, मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "अच्छा किया, भैया."

दत्ताराम उठला. मग अवजारांची पिशवी उचलून म्हणाला, "जी, माँजी."

तो बाजूला झाला तशा त्या आत गेल्या आणि त्यांनी दार हळूच लोटून घेतलं. बाहेर उन्हात पायरीवर बसून दत्ताराम बुटांच्या नाड्या बांधत राहिला.