राक्षसाची डावी बाजू

मित्रांनो, माझ्यासमोर उभी राहून माणसं मला कधीच बघत नाहीत, स्वतःलाच बघतात. म्हणून माझी ओळख मीच करून देतो. मी भाईंदरजवळच्या काशीगावातल्या एका खोलीतला जुना आरसा.

भट्टीत वाळू वितळली तेव्हा मी काच झालो. पाठीवर चांदीचा पातळ मुलामा चढला आणि मला दिसू लागलं. लोखंडी कपाटाच्या दारावर बसून मी चंपाच्या लग्नात या घरी आलो. तिच्या टिकल्या माझ्या काठाला चिकटल्या. तिची मुलगी मिनल माझ्यासमोर वेण्या घालायला शिकली. पुढे कपाट गंजलं आणि भंगारात गेलं. मला तेवढं चंपाच्या नवऱ्याने, धाकूने, काढून भिंतीला टांगलं. म्हणाला, "रावणाला आरसा लागतो."

धाकू रत्नागिरीकडचा. वर्षभर भाईंदरला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा आणि शिमग्याला गावी जाऊन नमनाच्या खेळात रावण व्हायचा. निघण्याआधी आठवडाभर तो माझ्यासमोर डोळे वटारायचा. शेजारची पोरं दारातून बघून पळाली की त्याला जेवण गोड लागायचं.

गेल्या वर्षी त्याच्या अंगावरून वारं गेलं. हातपाय सावरले, पण तोंडाची डावी बाजू पडली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "रोज आरशासमोर बसा. आत्ता मेहनत घेतलीत तर फरक पडेल. उशीर केलात तर तोंड असंच राहील."

मग धाकू रोज सकाळी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसू लागला. गाल फुगवायचा, वारा डावीकडून निसटायचा. 'ऊ' म्हणायचा, 'ई' म्हणायचा. उजवा ओठ हलायचा, डावा लोंबत राहायचा. तरी तो उठायचा नाही.

"शिमग्यापर्यंत होईल," चंपा म्हणायची.

"नाहीच झालं तर गाववाल्यांना सगळ्यांना उजव्या बाजूला बसवू," तो बोबडं बोलायचा आणि अर्धंच हसायचा.

दुपारी माझ्यासमोर मिनल असायची. ती घरी बसून एका गेमच्या कंपनीसाठी चित्रं काढते. पाटीसारख्या यंत्रावर पेन फिरवते आणि चित्र पडद्यावर उमटतं. या खेपेला तिला खाडीतला राक्षस काढायचा होता. आधी तिने नुसते लहान काळे आकार काढले. सावली बघूनच भीती वाटली पाहिजे, असं ती म्हणायची. त्यातल्या एका आकारात तिने राखाडी रंगाने उजेड-अंधार भरला. कातडी कशी असावी म्हणून चंपाने बाजारातून आणलेल्या निवट्या, खाडीच्या चिखलातले मासे, ताटलीत ठेवून न्याहाळल्या. सगळं जमलं, पण तोंड जमेना. हनुवटीखाली मोबाईलचा टॉर्च धरून ती माझ्यासमोर दात विचकायची. मी तिला जे होतं तेच दाखवायचो, एक दमलेली मुलगी.

शेवटी ती म्हणाली, "बाबा, रावण करून दाखव ना."

धाकूचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तो ताठ बसला. भुवई चढवली, डोळा वटारला, उरलंसुरलं बळ एकवटून दात दाखवले. मिनलने खालून उजेड धरून फोटो काढले. तो घामाघूम झाला तरी थांबेना.

"घाबरलीस काय, बाय?"

"घाबरले, बाबा."

त्यानंतर तो रोज विचारायचा, "माझा रावण आला काय?" ती म्हणायची, "अजून रंग बाकी आहेत." व्यायामही दुपटीने करू लागला. एका सकाळी त्याच्या डाव्या ओठाचा कोपरा किंचित थरथरला. ते मी पाहिलं. त्याने पाहिलं की नाही, कोण जाणे.

मग कंपनीतल्या निकेतचा फोन आला. मिनल त्याच्याशी पडद्यावर बोलत होती. मागे धाकू चहा पीत बसला होता.

"मिनल, पास झाला तुझा राक्षस," निकेत म्हणाला. "उजवी बाजू ठीक आहे, नेहमीसारखी चिडलेली. पण डावी बाजू काय आलीय यार. मेलेली. बघून घाबरून खुर्ची मागे घेतली मी. कुठून सुचलं?"

मिनल म्हणाली, "असंच."

धाकू उठला आणि पडद्याजवळ गेला. राक्षसाच्या अंगावर निवटीची कातडी होती. डाव्या गालाची घडी, लोंबणारा ओठ, अर्धा मिटलेला डोळा मात्र त्याचा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्याचा रावण उजवीकडे होता, आणि त्याला कुणीच भ्यालं नव्हतं.

मिनलने निकेतला विनवलं, "मी तोंड बदलून देते." तो म्हणाला, "आता कसं बदलणार? पुढे पाठवलंय. पोस्टरवर पण तेच आहे."

दुसऱ्या सकाळी खुर्ची माझ्यासमोर आली नाही. चंपाने हाक मारली, "अहो, बसा ना." मिनल स्वतः माझ्यासमोर बसून 'ऊ', 'ई' म्हणू लागली, तो शेजारी येऊन बसेल या आशेने.

"नको, बाय," तो खाटेवरून म्हणाला. "तोंड सरळ झालं तर तुझा राक्षस खोटा पडेल."

मिनल उठून मोरीत गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

शिमगा आला आणि गेला. गावाला दुसरा रावण मिळाला. व्यायामाच्या बाई आल्या, धाकूचा गाल चाचपून बघितला आणि यावेळी काही बजावलं नाही.

मित्रांनो, मी तडकलो तर बाजारात दुसरा आरसा मिळेल. माझी काळजी नका करू. पण तुमच्या घरात कुणी माझ्यासारख्यासमोर बसून तोंड वेडंवाकडं करत असेल, तर त्याच्या शेजारी बसा. आणि त्याचं तोंड कधी उसनं घेतलंत, तर ते चित्र जगाच्या आधी त्याला दाखवा.

धाकू आता माझ्याकडे पाठ करून, हाताने चाचपत दाढी करतो. डावीकडे खुंट राहून जातात. ते त्याला कळत नाही, आणि घरात कुणी सांगत नाही.