पान पंधरा

छापील शब्दाचा शेवटचा राखणदार म्हणजे मुद्रितशोधक. त्याच्या नजरेखालून असत्य निसटत नाही. घानातल्या कुमासी शहरातल्या या छापखान्यात लागलो तेव्हा मी असं मानत असे. त्याला एकवीस वर्षं झाली. आम्ही मुख्यतः अंत्यविधीत वाटायच्या पुस्तिका छापतो, मृताचं जीवनचरित्र आणि श्रद्धांजल्या असलेल्या. त्यांत आजवर एकाही मृताने कुणावर हात उगारलेला नाही.

बुधवारी दुफिए आली. शनिवारी तिच्या वडिलांचा, ड्वोमो मास्तरांचा, अंत्यविधी होता.

"मामा, जीवनचरित्रात पाच मुलं लिहिलीत. सहा करा. सहावी मी."

दुफिएच्या आईशी मास्तरांचं जुनं नातं; शेवटची नऊ वर्षं तर ते तिच्याकडेच राहिले होते. लग्नाशिवाय.

"ते संपादन झालं, बाई. ते कुळप्रमुख करतात. मी फक्त मुद्रितशोधन करतो."

"म्हणजे?"

"शब्द चुकला तर दुरुस्त करतो. माणूस गळला तर नाही."

"छान! म्हणजे डास मारता आणि साप असू देता."

मग तिने पिशवीतून हाताने लिहिलेला कागद काढला. श्रद्धांजली होती. मास्तरांना ती अंघोळ कशी घालायची, मक्याची पेज भरवताना तेच उलट "ताठ बस" म्हणून हिलाच कसे दटावायचे, असं सगळं. खाली तिचं नाव.

"एवढं तरी घाला. कुणी वाचलं नाही तरी चालेल, नाव राहील."

पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. पान पंधरा रिकामं उरलं होतं. तिथे जोडलेल्या हातांचं चित्र जायचं होतं. मी कागदातल्या चुका काढल्या आणि हातांच्या जागी तो बसवला.

गुरुवारी कुळप्रमुख नाना अग्येमन प्रूफवर सही करायला आले. पान पंधरा त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले.

"फार सुंदर. हे छापायचंच."

मी सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात नानांनी पेनाने खालचं नाव खोडलं आणि मास्तरांच्या थोरल्या मुलीचं लिहिलं. हॅम्बुर्गच्या कॉन्स्टन्सचं.

"तिने काही लिहून पाठवलंच नाही. चार लोकांत बरं दिसतं का?"

"पण नाना, अंघोळ काही कॉन्स्टन्सने..."

"तुम्ही मुद्रितशोधक ना? मग मी नाव बरोबर लिहिलंय का तेवढं बघा."

बघितलं. एक अक्षर राहिलं होतं. घातलं.

शनिवारी चर्चमध्ये कॉन्स्टन्सने पान पंधरा वाचलं. दोनदा थांबून तिने रुमाल काढला. सगळे रडले. मागच्या बाकावर शोकाच्या लाल-काळ्या कापडात दुफिए ओळीओळीवर बोट ठेवून तिच्यामागोमाग मनात वाचत होती. नावापाशी बोट थांबलं. पुस्तिका तिने मिटली नाही.

बाहेर मला तिला टाळता येईना.

"मामा, माझ्या चुका सगळ्या काढल्यात ना?"

"हो."

"किती होत्या?"

"अकरा."