हलका हात

आमच्या गल्लीत माझ्या हाताचं नाव आहे. मानेवरून वस्तरा फिरतो आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. निम्मी मंडळी तर खुर्चीतच घोरायला लागतात. पंचवीस वर्षं मी या हलक्या हाताची टिमकी वाजवत आलो, आणि माझीच सहा वर्षांची लेक मी केसांना बोट लावलं की किंचाळायची.

तिला आम्ही खारू म्हणतो. कपाटामागची फट, गाद्यांची चळत, कुठेही शिरून बसते. केसांच्या पार जटा झाल्या होत्या. "न्हाव्याच्या घरात काय पिकलंय बघा," अशी गिऱ्हाइकं चेष्टा करायची. मी हसायचो, पण आतून जळायचो.

दोन महिन्यांपूर्वी माझं डोकं फिरलं. बायकोला खारूचे हातपाय धरायला लावले आणि मी कात्री चालवली. ती अशी ओरडली की शेजारी धावत आले. लाजेपोटी मी तिच्या थोबाडीत मारली. तेव्हापासून खारू माझ्या जवळपास फिरकेना. मी खोलीत शिरलो की ती फटीत. मी वाढलेलं ताटही ती आई आल्याशिवाय घ्यायची नाही.

मग शाळेतून चिठ्ठी आली. केसांत उवा झाल्यात, केस कापल्याशिवाय मुलीला वर्गात पाठवू नका.

"पुन्हा धरूनबिरून कापणार असाल तर मी हिला घेऊन निघून जाईन," बायको म्हणाली. "आधी दवाखान्यात चला. ही अशी का किंचाळते ते विचारू."

तिथल्या लहान मुलांच्या थेरपिस्ट बाई वयाने माझ्या कात्रीहून लहान. ही काय मला शिकवणार, असंच मनात आलं. त्यांनी खारूला एका जाड गादीत गुंडाळलं आणि वरून चांगलं दाबलं. पोरगी खुदकन हसली. तिचं हसू मी किती दिवसांनी ऐकलं!

"हा हट्ट नाही," बाई म्हणाल्या. "तिला स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. त्यातही हलका, निसटता स्पर्श तिला झोंबतो. घट्ट दाबलं की तिला बरं वाटतं, म्हणून ती गाद्यांखाली शिरते. तुम्ही केस कसे कापता तिचे?"

"एकदम हलक्या हाताने," मी ताठ मानेने सांगितलं.

बोलून गेलो आणि माझं मलाच उमगलं. खारू जितकी ओरडायची तितका मी हात आणखी हलका करायचो.

घरी आल्यावर मी कपाटाशेजारी जमिनीवर बसलो आणि फटीत बघून म्हणालो, "खारू, मी चुकलो. तुला मारलं ते फार चुकलं. आता आधी डोकं घट्ट दाबून मग कापीन, आणि तू थांब म्हणालीस की थांबेन."

ती बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी पुन्हा तिथेच जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी फटीतून नुसतं डोकं बाहेर आलं. मी दोन्ही तळवे त्यावर ठेवून दाबले. एवढ्या जोरात मी जन्मात कुणाच्या डोक्याला हात लावला नव्हता. तिचे डोळे मिटले.

"अजून," ती म्हणाली.

दाबायचं, चार वेळा कात्री, परत दाबायचं. अर्धं डोकं झालं आणि ती म्हणाली, "थांब." मी कात्री खाली ठेवली. कानामागचा एक केस वाकडा राहिला तरी गिऱ्हाइकाला उठू न देणारा मी, पण पोरगी दिवसभर घरात अर्ध्या डोक्याने हिंडली आणि मला ती फार सुंदर दिसली.

दुसऱ्या दिवशी उरलेले केस कापायला ती आपणहून माझ्यासमोर येऊन बसली. अर्ध्यावर तिने विचारलं, "बाबा, तू आधीच असं का नाही धरलंस?"

"मला माहीत नव्हतं गं."

तिने थोडा विचार केला. "मी सांगत होते की. ओरडून सांगत होते."

माझ्या डोळ्यांना धार लागली. तिने माझा हात ओढून डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "दाब." मी दाबलं.